यादीत नसलेली पोत

"बाई, गळ्यातलं कुठं दडवलं?"

हिंगोलीला भरल्या कोर्टात कापडवाल्या शेटच्या वकिलानं मला असं इचारलं. माझा हात गळ्याकडं गेला. गळा मोकळा. वकील म्हणला, "तुमच्या लोकांत तसंबी गळ्यातल्याचं कुठं एवढं असतंय म्हणा!" बाकावर शेट हसला. मागची मान्संबी हसली.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. गोरेगावात माझं शिलाईचं दुकान व्हतं. कापड शेटकडून उधारीवर आणायची. शाळेचे दोनशे ड्रेस शिवून दिले आन् संस्थावाल्यानं पैसे बुडवले. शेटनं दावा लावला. कुनीतरी म्हणलं, नादारीचा अर्ज कर. हिच्यापाशी काही न्हाई असं कोर्टानंच म्हणलं की तगादा थांबल.

पण कंगाल हाव एवढं सांगायलाबी पैसे लागतात, बरं का! वकील, टायपिंग, पेपरातली नोटीस. कुठून आणू? सराफाकडं गळ्यातली पोत मोडली. चार सोन्याचे मणी आन् डोरलं, लई काय व्हतं? नोटीस छापून आली, माझ्या नावागावासकट. शेटनं ती कापून दुकानाच्या काचेला चिकटवली. माझी पोरगी शाळेतून रडत घरी आली.

मालाची यादी अर्जासोबत, पोत मोडायच्या आधीच कोर्टात दिली व्हती. म्याच लिहिली. मशिनी, कात्र्या, इस्त्री, पातेली, स्टोसुद्धा. पोत तवा गळ्यातच व्हती, पण लिहिली न्हाई. गळ्यातलं कुनी बाई मालात धरती का? आंघोळीलाबी काढली नव्हती कधी.

म्या जजसाहेबांना म्हणलं, "साहेब, पोत मोडूनच ह्या अर्जाचा खर्च भागवला. सराफाची पावती हाय."

वकील म्हणला, "बघा साहेब, पोत व्हती आन् यादीत लिहिली न्हाई, स्वतःच कबूल करून राहिली."

माल दडवला म्हणून अर्ज फेटाळला. शेटच्या तगाद्यापायी दोन मशिनी इकल्या, दुकान सोडलं. एकच मशीन उरली.

नवऱ्यानं जवळा बाजार गावातून खोटी पोत आणली. "घाल बाई, लोक नावं ठेवतात."

म्या घातली न्हाई. जित्ता नवरा असून लोक इधवा म्हणतात, म्हणू देत. दुसऱ्या दिवशी मशीन शेटच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पल्याड मांडली. म्हणलं, आता रोज तिथंच बसनार, उघड्या गळ्यानं. बायका इचारतीन, काहून गं? शेटला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगीन.