न घासलेले प्लग

देवीवर विश्वास नव्हता असं नाही, पण यंदा मन तिच्यावर जरा रुसलंच होतं. आमच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडायचं. दोनदा दुसऱ्यांनी दोरी लावून ओढत आणली. शेवटी लेक म्हणाला, होडी विकतो नि मुंबईला जातो. हे वारल्यावर घरात त्यांची होडी तेवढीच खूण उरलेली. म्हटलं, विकायच्या आधी देवीला कौल लावू.

इंजिनातलं मला फार कळतं असं नाही. पण ह्यांनी एक शिकवलं होतं. ठिणगी पाडणारा प्लग काढायचा नि टोक बघायचं, वैद्य जीभ बघतो तसं. चहाच्या रंगाचं असलं तर सगळं ठीक. काळी काजळी धरली तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं तर कमी पोचतंय, इंजिन आतून तापतंय. लेकाला कितीदा सांगितलं, प्लग दाखव. दाखवायचा, पण पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलने धुऊन, अगदी नव्यासारखे करून. बापासारखाच टापटिपीचा! त्यात काय दिसणार?

कौलाला होडीतलं काहीतरी देवीपुढे असावं, म्हणून मी प्लगच आणायला सांगितले. त्याला उशीर झाला. इंजिनातून काढले तसेच कागदात गुंडाळून देवळाच्या पायरीवर हजर.

"आये, असे मळके कसे ठेवायचे? थांब, घासून देतो."

"राहू दे. तिला काय आपण नवीन आहोत?"

गुरवांनी देवीच्या अंगावर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. होडी ठेवायची असेल तर उजवी पाकळी पाड, विकायची तर डावी. आम्ही बसलो. एकही हलेना. लेक चुळबुळ करायला लागला, तसे गुरव म्हणाले, "वैनी, तिला घाई नाय. तिला कुठं मुंबईची गाडी पकडायचीय?" लेक काही हसला नाही.

नुसतं बसायचं, म्हणून माझी नजर फिरून फिरून प्लगांवर. समईच्या उजेडात एक छान चहाच्या रंगाचा. दुसरा राखेसारखा पांढरा, टोकावर बारीक पुटकुळ्या.

"हा कुठला रे?"

"खालच्या सिलिंडरचा."

"मग तिथं पेट्रोल पुरं पोचत नाय. हवाच जास्त जाते."

त्याने प्लग उचलला, उलटासुलटा केला, बराच वेळ बघत राहिला. तेवढ्यात उजवी पाकळी घरंगळली. गुरवांनी हात जोडले. मी आधी लेकाकडे बघितलं, मग देवीकडे.

दुपारी त्याने इंजिन उघडलं, तर खालच्या कार्बुरेटरच्या पेट्रोल यायच्या भोकात कचरा बसलेला. तसंच चालवलं असतं तर पिस्टन वितळला असता, आणि तोही किनाऱ्यापासून लांब.

पाकळी सुकली की पडतेच, असं लेक म्हणतो. म्हणू दे. होडी आहे, तो माझ्या डोळ्यांसमोर आहे, मला आणखी काय हवं? मी एवढंच शिकले, की देवीपुढे आपण मन घासूनपुसून नेतो, रुसवा नि शंका घरी ठेवून. मग तिने तरी बघायचं काय? त्या दिवशी मी होते तशीच जाऊन बसले होते.

हल्ली लेक प्लग काढला की आधी माझ्या हातात देतो. घासतो मागाहून.