सयामाच्या हातांची घडी

न्वे यिनला मेक्लाँगमध्ये येऊन दीड महिना झाला तरी काम मिळत नव्हतं, आणि याचा सगळ्यात जास्त राग शेजारच्या साबेला आला होता. साबे तिच्याच, ब्रह्मदेशातल्या दावे गावाकडची. बारा वर्षांपूर्वी सरहद्द ओलांडून थायलंडात आलेली आणि गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला कामाला चिकटवणं ही आपलीच जबाबदारी मानणारी.

"माझ्या भावाला काम मिळालं या गावात," ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणायची. "जो उभ्या उभ्या झोपतो, त्याला! आणि तुला कुणी घेत नाही म्हणजे काय गं ताई?"

"वय झालंय माझं."

"पंचेचाळीस? इथे पासष्टीच्या बायका कोळंबी सोलतात आणि वर भांडायलाही त्यांना वेळ असतो."

न्वे यिन नुसती हसायची. दावेजवळच्या खेड्यात तिने एकोणीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. गावात तिला नावाने कुणी हाक मारलीच नाही. सगळ्यांची ती सयामा, म्हणजे बाई. मग दिवस फिरले, शाळेला कुलूप लागलं ते लागलंच. नवरा म्हातारी आई आणि सुपारीची बाग सांभाळायला मागे राहिला, आणि न्वे यिन मुलीकडे आली. मुलगी थिरी एकोणीस वर्षांची. तीन वर्षांपासून इथल्या मासळीच्या कारखान्यात डबे भरत होती.

पहिल्याच आठवड्यात न्वे यिनच्या लक्षात आलं की थिरी जेवताना घास तोंडात धरून झोपते. बोटं बर्फाच्या पाण्याने पांढरी पडलेली, सुरकुतलेली. आईच्या बोटांपेक्षा म्हातारी दिसणारी.  थिरी झोपली की न्वे यिन तिच्या हातांना तिळाचं तेल चोळत बसायची आणि मनातल्या मनात सगळ्या शंकाकुशंका एकेक करून काढायची. हिला ताप आला तर? हिचं लग्न राहून गेलं तर? ही अशीच डबे भरत चाळीस वर्षांची झाली तर?

आणि मग थिरीने ती बातमी आणली. देवळामागे एक संस्था होती, तिथे सहा महिन्यांचा वर्ग सुरू होणार होता. थाई लिहायला-वाचायला शिकवणार, आणि दवाखान्यात दुभाष्याचं काम कसं करायचं तेही. गावात एवढी बर्मी माणसं. बाया दवाखान्यात जातात आणि नुसत्या पोटावर हात ठेवून बसतात, कुठे काय होतंय सांगता येत नाही. बारा जागा होत्या आणि थिरीची निवड झाली होती.

"पण वर्ग दिवसा आहे, आई," थिरी म्हणाली. "कारखाना सोडावा लागेल. सहा महिने घर तुझ्या एकटीच्या कामावर चालायला हवं. शनिवारपर्यंत होय-नाही सांगायचंय. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देणार."

"मिळेल मला काम," न्वे यिन म्हणाली.

तेव्हा शनिवार तीन आठवडे लांब होता.

साबे तिला स्कूटरवर मागे बसवून ठिकठिकाणी घेऊन गेली. स्वतः बाहेर स्कूटरवर बसून राही, कारण दोघी आत गेल्या तर मालकाला वाटतं दलाल आलाय. "आत गेलीस की आधी हात जोड, खाली वाक, आणि जास्त बोलू नकोस," एवढी तिची शिकवण. न्वे यिनला थाई येत होती ती पुरेशी होती: काम आहे का, मी कष्ट करीन, उद्यापासून येईन.

ती आत जायची, हात जोडायची, वाकायची. मग दोन पावलं मागे सरून छातीवर हाताची घडी घालायची, नजर खाली ठेवायची आणि गप्प उभी राहायची. मुख्याध्यापिकेसमोर ती अशीच उभी राहिली होती, लग्नाच्या वेळी सासऱ्यांसमोरही. एकोणीस वर्षं तिने पोरांना दुसरं काही शिकवायच्या आधी हेच शिकवलं होतं. थोरांसमोर हात मोकळे सोडून उभं राहणं म्हणजे आईबापांनी वळण लावलं नाही असा अर्थ.

माकूळ सुकवायच्या अंगणातल्या मालकिणीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "जागा नाही" म्हणाली. दाराशी तर 'कामगार पाहिजेत' असा फलक होता. साबेने तो स्वतः वाचला होता. खाणावळीच्या मालकाने तर मान हलवून आपल्या बायकोला काहीतरी सांगितलं आणि दोघंही फणफणत आत गेली. न्वे यिनला वाटलं, आपण पुरेसे नम्र दिसलो नाही. पुढच्या ठिकाणी तिने घडी आणखी घट्ट घातली.

पुढचं ठिकाण जाळी विणायच्या शेडचं. तिथून ती बाहेर आली तेव्हा साबेला तिचा चेहरा कळेचना.

"काय झालं?"

"खुर्ची दिली."

"काय?"

"मी काही बोलायच्या आधीच खुर्ची दिली, गार पाणी दिलं. मग कामगारांच्या परवाना-कार्डांची सगळी फाइल आणून माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं काम आहे का, तर तो लालबुंद झाला आणि हाकलून दिलं."

"पाणी पाजून हाकललं?" साबेने कपाळावर हात मारला. "बारा वर्षांत हे नवीनच ऐकलं. ताई, तुझा चेहराच मास्तरणीचा आहे. रोज तो थनाखाचा लेप लावतेस ना गालाला, उद्यापासून जरा फासून लाव. गरीब दिस."

दुसऱ्या दिवशी न्वे यिनने खरंच थनाखा फासून लावला. काही उपयोग झाला नाही.

शनिवार दोन दिवसांवर आला. गुरुवारी सकाळी थिरी कामावर निघताना चपला घालता घालता म्हणाली, "आई, नाही जमलं तरी चालेल हं. पुढच्या वर्षीही वर्ग असेल." इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की न्वे यिनला ते लागलं. मुलीने रडून गोंधळ घातला असता तर बरं वाटलं असतं. ही पोरगी मन मारायला शिकली होती, आणि तेही इतक्या लवकर.

साबेला त्या दिवशी कामावर जायचं होतं. न्वे यिन एकटीच चालत नदीकाठच्या पा लमायच्या शेडवर गेली. पा म्हणजे मोठी मावशी. साठीपुढच्या थाई बाईला सगळे तसंच म्हणतात. पा लमायच्या शेडमध्ये छोटे बांगडे उकडायचे. मासा कल्ल्यातून साफ करायचा, मान मोडून खाली वाकवायची आणि दोन किंवा तीन मासे बांबूच्या बसक्या परडीत बसवायचे. मग परड्यांची चळत मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडायची. मान वाकवलेली नसेल तर मेक्लाँगचं गिऱ्हाईक त्या माशाला हात लावत नाही.

पा लमाय उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून माशांच्या माना मोडत होती. न्वे यिनने हात जोडले, वाकली, काम आहे का विचारलं, दोन पावलं मागे सरली आणि घडी घालून उभी राहिली.

पा लमायचे हात थांबले.

"अगं बाई!" ती कामावरच्या बायकांकडे वळून म्हणाली. "उभी बघा कशी आहे! जणू मीच हिच्याकडे नोकरी मागायला आलेय!"

बायका खो खो हसल्या. न्वे यिनला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. तिने मान आणखी खाली घातली आणि घडी आणखी आवळली.

"आता तर रुसली!" पा लमाय म्हणाली. "जा बाई, जा. माझ्याकडे आधीच दोन मुकादम आहेत, तिसरी नको."

चुलीपाशी एक म्हातारा उकळत्या पाण्यावरचा फेस काढत होता. ऊ चान त्याचं नाव, इरावतीच्या खोऱ्यातला, तीस वर्षं याच चुलीपाशी. त्याने झारा बाजूला ठेवला आणि बर्मीत हळूच विचारलं, "सयामा का तुम्ही?"

परक्या गावात, परक्या शेडमध्ये कुणीतरी ती हाक मारली आणि न्वे यिनने पहिल्यांदाच वर पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"वाटलंच मला. असं उभं राहणारं माणूस मी शाळा सोडल्यानंतर पाहिलं नाही. सयामा, आधी हात सोडा."

"का?"

"इथे मोठ्या माणसासमोर घडी घातली की ते उर्मटपणाचं समजतात. भांडायला आलाय म्हणतात, नाहीतर जाब विचारायला. मलाही पहिल्या वर्षी एका तांडेलाने बोटीवरून खाली उतरवलं होतं. का, ते मला सहा महिन्यांनी कळलं."

न्वे यिनने हात सोडले. सोडले खरे, पण आता त्यांचं करायचं काय हे तिला कळेना. ते दोन्ही बाजूंना लोंबत राहिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. माकुळाच्या अंगणातली मालकीण, खाणावळीचा मालक, ती खुर्ची, ते गार पाणी सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं आणि तिचे कान तापले.

निघून जावं, असं तिला वाटलं. पण सकाळचा थिरीचा तो हलका आवाज आठवला. ती पा लमायच्या समोर गुडघ्यांवर बसली, आणि ऊ चानला म्हणाली, "यांना सांगा. आमच्याकडे हे गुरुजनांसमोर करतात. मी यांना मान देत होते."

ऊ चानने सांगितलं. पा लमायने भुवया वर नेल्या.

"मान देत होती? मग तसं तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

ऊ चानने विचारलं आणि न्वे यिनचं उत्तर आलं, "मान देताना बोलत नाहीत."

 पा लमाय एकदम हसायला लागली, इतकी की खोकला आला आणि शेजारणीने पाठ थोपटली. "थांब, थांब," ती डोळे पुसत म्हणाली. "जाळीवाल्या शेडमध्ये तूच गेली होतीस का? तो मेला सगळ्या बाजारात सांगत फिरतोय, सरकारी तपासणीवाली बाई वेष बदलून येते म्हणून! दोन दिवस त्याने सगळे कामगार वेळेवर घरी सोडले!"

आता सगळी शेड हसत होती. ऊ चानने हसता हसता सगळं बर्मीत सांगितलं तेव्हा न्वे यिनही हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा पोटातून.

"हसून काम होत नाही," पा लमाय म्हणाली आणि बांगड्यांची एक पाटी तिच्यापुढे सरकवली. "संध्याकाळपर्यंत कर. मग बघते."

मासे न्वे यिनला नवे नव्हते. दावेची माणसं समुद्राकाठची. पण मान मोडणं वेगळं. अंगठा जास्त दाबला की पोट फाटतं, कमी दाबला की मान परत सरळ होते. पहिल्या दहा माशांपैकी सात फाटले. शेजारच्या बाईने एकही शब्द न बोलता तिचा अंगठा धरून कल्ल्याच्या खाली नेऊन ठेवला. दुपारपर्यंत फाटणं थांबलं. पण हात संथच होता. बाकीच्यांच्या चार परड्या होईपर्यंत तिची एक होई.

संध्याकाळी पा लमाय कमरेवर हात ठेवून तिच्या परड्यांसमोर उभी राहिली. परड्या कमी होत्या, पण प्रत्येकीत मासे एकाच मापाचे, सगळ्यांची तोंडं एका बाजूला, कुणाची शेपटी बाहेर नाही, कुणी वाकडं नाही.

"हे काय, वर्गात बसवलेत की काय?" पा लमाय म्हणाली.

ऊ चानने भाषांतर केलं. न्वे यिनने हात बाजूला ठेवून मान खाली घातली आणि हे बरोबर की चूक म्हणून ऊ चानकडे चोरून पाहिलं. त्याने डोळ्यांनीच ठीक आहे म्हटलं.

"संथ आहेस. वेग येईल," पा लमाय म्हणाली. "या परड्या मी बाजारात पुढे मांडीन. उद्या तुझं परवाना-कार्ड घेऊन ये, मालक म्हणून माझं नाव चढवायचंय."

घरी थिरीने ऐकलं आणि आईचे हात हातात घेऊन बराच वेळ वास घेत राहिली. "बांगड्याचा वास," ती म्हणाली आणि मग तिला रडू आलं. न्वे यिनने रडू दिलं. साबेला सगळं कळलं तेव्हा ती आधी हसली, मग चिडली. "म्हणजे मी बाहेर स्कूटरवर ऊन खात बसले आणि तू आत मालकांना दमात घेत होतीस! एकदा मला दाखवायचंस तरी, कशी उभी राहतेस ते."

शनिवारी दोघी मायलेकी संस्थेत गेल्या. थिरी तिथल्या बाकावर बसून अर्ज भरू लागली. तिला थाई बोलता येत होतं, लिहिता जेमतेम. जीभ ओठांत धरून ती एकेक अक्षर काढत होती.

"पालकाचं काम काय, असं विचारलंय. शिक्षिका लिहू?"

न्वे यिनने विचार केला. "नको. बांगडे उकडते, असं लिही."

थिरीने मान वाकवून लिहायला घेतलं. न्वे यिन शेजारी बसून पेनकडे बघत होती. एका अक्षराची शेपटी ओळीच्या खाली फारच लांब गेल्यासारखी तिला वाटली. एकोणीस वर्षांच्या सवयीने बोट पुढे झालं, आणि तिथेच थांबलं. ती लिपी तिला वाचता येत नव्हती. ती शेपटी बरोबर की चूक, हे आता थिरीलाच ठाऊक. न्वे यिनने बोट मागे घेतलं आणि बाकाला टेकून स्वस्थ बसली.