खाच मारलेली नाणी

खरी जुनी नाणी जमवायला आयुष्य जातं आणि तरी एक अल्बम भरत नाही. खोट्या नाण्यांचे किस्से मात्र न बोलावता येतात आणि घरात ठाण मांडून बसतात! आमच्या ग्रुपमध्ये कुणाला "तुझं चांगलं नाणं दाखव" म्हटलं, तर तो लगेच आटोपतो. "तुला कुठं गंडवलं ते सांग" म्हटलं, की चहाचा दुसरा राउंड मागवावा लागतो.

लोक म्हणतात, छंदाने मन शांत होतं. माझं बीपी या छंदाने वाढलंय! पेणला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळक्या मोटारींनी मला कधी एवढा ताप दिला नाही.

आम्ही पेण-रोह्याचे काही जण महिन्यातल्या एका रविवारी कोलाडला जमतो. हायवेवरच्या हॉटेलात मिसळ खायची आणि एकमेकांची नाणी बघायची. कोलाड रोहेकरांना जवळ. आम्ही पेणकर त्या हायवेच्या खड्ड्यांतून मणके सांभाळत जातो. त्याचाही मला राग आहे, पण तो पुन्हा कधीतरी काढीन.

*

पहिला दणका मलाच बसला.

मुंबईच्या एका प्रदर्शनात एका डीलरने मला बाजूला घेतलं. टेबलाखालून रुमाल काढला. आत क्षत्रप राजाचं चांदीचं नाणं! "साहेब, असा पीस पुन्हा दिसणार नाही. तुम्ही जाणकार म्हणून दाखवतोय. कुणाला बोलू नका."

मी जाणकार! छाती फुगली, खिसा मोकळा झाला.

पुढच्या रविवारी कोलाडला मी रुमाल उघडला, तर समोर बसलेल्या म्हात्रेचा चेहरा पडला. म्हात्रे पेणच्या खाडीकडचा, त्याच्या घरची मिठागरं होती. त्याने गुपचूप खिशातून आपला रुमाल काढला. तोच राजा, तीच मिशी आणि नाकाच्या शेंड्यावर तीच पुटकुळी! जुनी नाणी हातोड्याने ठोकून पाडायचे, त्यामुळे दोन नाणी तंतोतंत सारखी निघतच नाहीत. ही एका साच्यातली जुळी भावंडं होती.

"मना बोलला कुनाला सांगू नको," म्हात्रे म्हणाला.

"आणि तू नाही सांगितलंस! मला तरी सांगायचंस ना!"

"तू तरी कुठं सांगितलास?"

*

त्याच दिवशी वैद्य साहेबांनी नियम केला.

वैद्य साहेब रोह्याजवळ वरसेला राहतात. एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते, आता रिटायर झालेत. आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत शिकलेले, खिशात कायम भिंग. ते म्हणाले, "आमच्याकडे एकच तत्त्व होतं. रिजेक्ट माल गेटबाहेर जाता कामा नये! ही नाणी आपण रागाने दुसऱ्याला विकली, तर तो तिसऱ्याला विकेल. मग त्या डीलरमध्ये आणि आपल्यात फरक काय?"

मला अक्षरशः भरून आलं. असा माणूस आपल्यात आहे याचा अभिमान वाटला.

नियम असा ठरला. खोट्या नाण्याच्या काठाला कानशीने खाच मारायची. मग ते एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाणार आणि तिथून कधीही बाहेर येणार नाही. डबा साहेबांच्या घरी. आणि ज्याचं नाणं खोटं निघालं, त्या दिवशीची सगळ्यांची मिसळ त्याची!

कानस माझ्याच पिशवीत होती. माझं नाणं मी स्वतः घासायला घेतलं, पण डोकं एवढं तापलं होतं की हात सटकला. खाच काठावरून तिरकी निघाली ती थेट राजाच्या कानापर्यंत गेली. म्हात्रे म्हणाला, "अरे, त्याचा काय दोष? त्याचा कान कशाला कापतोस?"

*

मी त्या डीलरला फोन केला. आई-बहिणीचा उद्धार तेवढा बाकी ठेवला.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हाला शंका असेल तर सर्टिफिकेट देतो."

"कसलं सर्टिफिकेट?"

"नाणं खरं असल्याचं. लॅमिनेशन करून. त्याचे वेगळे पडतील."

"अरे हरामखोरा, नाणं साच्यातलं आहे!"

"नाण्याचं सोडा हो. बरेच लोक नुसतं सर्टिफिकेट घेऊन जातात!"

मी फोन एवढ्या जोरात आपटला की त्याची स्क्रीन गेली. म्हणजे तो खर्च पुन्हा माझाच.

*

म्हात्रे सुधारेल असं वाटलं होतं. छे! त्याने सातवाहनांचं हत्तीचं तांब्याचं नाणं आणलं. वर छान हिरवा गंज. "यो रंग बघ! जमिनीत पडल्याबिगर असा रंग येत नाय!" बायकोला ताकीद दिली, "हात लावू नको गो! यो रंग गेला तर सगला गेला."

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहिनींनी घरातली झाडून सगळी नाणी काढली आणि दरवर्षीप्रमाणे चिंच-मिठाने घासली. हत्ती जागेवर राहिला. हिरवा रंग मोरीतून वाहून गेला आणि खाली पिवळंधमक पितळ!

म्हात्रे घर डोक्यावर घेऊन ओरडला. वहिनींनी मोरीतला नळ सोडला आणि म्हणाल्या, "यो नलाचा कॉक पन असाच चमकतो. यो पन ठेव तुझे अल्बममंदी!"

त्या महिन्याची मिसळ म्हात्रेची. वहिनींना पार्सल पाठवलं.

*

मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिलाव सुरू झाले. सगळे टोपणनावाने बोली लावणार.

एका दुपारी म्हात्रे माझ्या दुकानात बसला होता. शिशाच्या एका प्राचीन नाण्याचा लिलाव चालू होता. मी काउंटरखाली फोन धरून बोली लावतोय. कुणीतरी 'समुद्रराजा' माझ्यावर चढवतोय. मी वाढवली की तो वाढवतो. माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाणं गेलं खड्ड्यात, पण या समुद्रराजाला आता सोडत नाही! शेवटी जिंकलो. आनंदाने वर बघतो, तर स्टुलावर म्हात्रे कपाळाला हात लावून बसलेला.

"काय झालं रे?"

"एक नाना गेला हातचा. कोन तरी 'वाइंडिंग किंग' हाय, मेला सोडतच नव्हता!"

पुढचं बोलणं छापण्यासारखं नाही.

नाणं कुरियरने आलं तेव्हाही म्हात्रे हजर होता. त्याने ते उचललं, तळहातावर उडवलं आणि म्हणाला, "यो तं पागाचा शिसा हाय. ठोकून चपटा केलाय." पाग म्हणजे खाडीत मासे धरायला फेकतात ते जाळं. त्याच्या कडेला लावायचं वजन मी सातवाहनांचं म्हणून घेतलं होतं!

"तुला कळत होतं, तर बोली कशाला लावलीस?" मी किंचाळलो.

"फोटोत वजन कलतं काय?"

*

डबा भरत गेला. एकदा मुंबईहून एक गाडीवाला थेट कोलाडच्या हॉटेलात आला. कुठून तरी त्याला कळलं होतं. म्हणाला, "तुमचा तो डबा आहे तसा देता का? खाचांसकट घेतो."

वैद्य साहेब ताडकन उभे राहिले. आख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रिजेक्ट माल गेटबाहेर जाणार नाही! चालते व्हा!"

तो गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी.

*

आता दामूचं सांगतो.

दामूचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, त्यात नवरा-बायको साच्यातून मूर्ती काढतात आणि रंगवतात. रंगाच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर बिघडला म्हणून तो मोटर घेऊन माझ्याकडे आला. टेबलावर अल्बम बघून हरखला. "माझ्याकडं पन एक हाय. पहिलंच. पन एकदम असली!"

म्हटलं, "मग रविवारी ये कोलाडला. सगळ्यांना दाखव."

आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला. वैद्य साहेब त्याला बघून म्हणाले, "अरे, तू इथं कसा?" दामू नुसता हसला. मग त्याने कापसात गुंडाळलेलं नाणं काढून टेबलावर ठेवलं.

क्षत्रप राजा. नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी. काठावरून कानापर्यंत तिरकी खाच.

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. मी विचारलं, "दामू, ही खाच कसली?"

"ती जुन्या काळच्या सराफाची खूण. नाणं तपासून पास केलं की मारायचे. असली असल्याचा पुरावा हाय तो."

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनीच तर दिलं मला!" दामूने मोठ्या कौतुकाने वैद्य साहेबांकडे बघितलं. "गणपती न्यायला आले तेव्हा. यंदा शेडचे पत्रे बदलायचे होते, लय गळतात. मूर्ती भिजतात. पन बायकोला म्हटलं, ते पैसे साहेबांना देऊ, पत्रे पुढल्या वर्षी टाकू, असं नाणं परत नाय गावायचं."

म्हात्रेने मान खाली घातली. मग मीच सांगितलं. नाणं माझं होतं, खाच माझ्या कानशीची, साचा कुणा भामट्याचा. सगळं ओरडून सांगितलं. गल्ल्यावरचा माणूस उठून बघायला आला.

दामूने नाणं उचललं. अंगठ्याचं नख काठावरून सावकाश फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"साच्याच्या सांध्याची रेघ हाय," तो म्हणाला. "आमी रोज मूर्तीवरनं हीच घासून काढतो. साहेबांनी दिलं म्हणून मी बघितलंच नाय."

मी वैद्य साहेबांकडे वळलो. सगळेच वळले. साहेबांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं, रुमालाने तोंड टिपलं.

"दामू, तू नवीन आहेस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आपल्यात एक नियम आहे. ज्याचं नाणं खोटं निघतं, त्या दिवशीची मिसळ त्याची."

आणि वेटरला हाक मारून त्यांनी एक पाव जास्त मागवला.