हवेचा विरोध नगण्य मानून

पंचवीस वर्षं मी बारावीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो आहे. वरून पडणाऱ्या वस्तूचं गणित फळ्यावर घातलं, की खाली न चुकता एक ओळ लिहितो : हवेचा विरोध नगण्य मानावा. एवढं मानलं की कुठलंही गणित दोन ओळींत सुटतं.

त्या सकाळी मी खुलताबादच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला निघालो होतो. नेमणुकीचं पत्र दाखवल्याशिवाय तिथं परीक्षा सुरू होणार नव्हती, आणि बस चुकली तर पोरं ताटकळणार होती. खाली येऊन रिक्षात बसलो आणि आठवलं, पत्र वरच टीव्हीजवळ राहिलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, उजवा गुडघा संपावर. बायकोला फोन करून म्हटलं, पत्र गॅलरीतून टाक.

"अहो, बटाटा बांधून टाकते," ती म्हणाली.

रिक्षावाल्यालाही ज्ञान मिळावं अशा आवाजात मी तिला समजावलं, की वजनाचा काही संबंध नसतो, हलकं-जड सगळं सारखंच पडतं. मी रिक्षातून उतरून गॅलरीखाली उभा राहिलो आणि तिनं पत्र सोडलं. ते डावीकडं झुकलं, जरा थबकलं, उजवीकडं लहरत गेलं आणि आमंत्रण असल्यासारखं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरलं.

तिथं एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडल्यापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

आता बोलणं भाग होतं. मान वर करून, जमेल तितक्या गोड आवाजात मी विनंती केली. ते गॅलरीत आले, चष्मा लावला आणि पत्र अगदी सही-शिक्क्यापर्यंत वाचून काढलं. बसला पंधरा मिनिटं उरली होती.

"सर, हे काय तुमच्या कुंडीचं पाणी नाय, सरळ खाली यायला," ते म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही तळव्यांत चुरगाळून पत्राचा चांगला घट्ट बोळा केला आणि सोडला. तो थेट माझ्या ओंजळीत पडला. वजन तेवढंच होतं. हवेला अडवायला जागा उरली नव्हती, एवढंच.

बस मिळाली. दौलताबादचा घाट येईपर्यंत मी पत्र मांडीवर दाबून सरळ करत होतो. केंद्रावरच्या सरांनी आधी पत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि नोंद केली.

तोंडी परीक्षेत मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. दोन सारखे कागद, एक सपाट, एकाचा बोळा. एकाच उंचीवरून सोडले तर आधी कोणता पडेल? एकामागून एक सगळ्यांनी ठणकावून सांगितलं, दोन्ही एकदमच, कारण हवेचा विरोध नगण्य.

सगळ्यांना पूर्ण गुण दिले. त्या सकाळपर्यंत माझ्याकडं तरी दुसरं उत्तर कुठं होतं?