जावेच्या लोणच्याला बँकेची तिजोरी

बायांनो, आज धुळ्याला जाऊन आले तेव्हापासून पोटात जळतंय.

माझ्या धाकट्या जावेच्या पोराने जुनी, बंद पडलेली बँक विकत घेऊन तिचं घर केलंय. काळ्या दगडाच्या हातभर रुंद भिंती, उंच कमानी, सागाचा जिना. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत मी गारव्याने पदर ओढून बसलेली. जळगावचं माझं घर पत्र्याचं.

मग तिने तिजोरीची खोली दाखवली. लोखंडी दार दोघींनी लोटलं. आत फ्रिजसारखा गारवा आणि लोणच्याच्या बरण्या.

आमच्या घराण्यात सगळे लोणचं मागतात ते माझं. तिच्या लोणच्याला दिवाळीआधीच बुरशी येते. आज तिने हातावर फोड ठेवली, ती करकरीत निघाली.

"अक्का, आठे बठ्ठं थंड शे. तुमन्या बरण्या बी ठेवी द्या."

"मना लोणचाले बँक लागत नही," म्हटलं आणि निघाले.

घरी येऊन माझी बरणी उघडली. वर पांढरं आलंय.

आता उरलेल्या बरण्या तिच्याकडे पाठवू का? पण पाहुण्यांना वाढताना ती माझं नाव सांगेल, असं वाटतं का तुम्हाला?