पारखे सर आणि जिवंत मासा

नगरच्या आमच्या कॉलेजात झूलॉजीच्या कपाटातल्या बाटल्या वर्षानुवर्षं तेवढ्याच राहिल्या. किस्से मात्र दरवर्षी वाढत गेले, आणि बहुतेक पारखे सरांचे!

सर अठरा वर्षं क्लाउनफिश शिकवत होते. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, घर समुद्रफुलात, म्हणजे सी-अ‍ॅनिमोनमध्ये. फळ्यावर चित्र फर्मास काढायचे. जिवंत मासा मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि दुष्काळाच्या त्या साली ते रिटायर होणार होते. म्हणून शेवटची ट्रिप रामेश्वरजवळच्या प्रवाळांवर ठरली.

*

सरांनी काचेचे दोन मुखवटे आणि श्वास घ्यायच्या नळ्या कुठून तरी पैदा केल्या. पण सराव कुठे करणार? सावेडीतल्या विहिरीने तळ गाठलेला. शेवटी सर स्टाफरूममध्येच बादलीत तोंड घालून बसले.

शिपाई आत आला, जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, त्ये पानी प्यायचं हाय!"

*

आमच्यातला पट्टीचा पोहणारा म्हणजे तिसगावचा भानुदास. घरी त्याने 'रामेश्वरला चाललोय' एवढंच सांगितलं. मग काय! अख्खी आळी एसटीपाशी हजर. जो तो म्हणे, "आमच्या नावाची बी एक बुडी मार!"

पहिली सकाळ त्यातच गेली. सर मासा शोधत होते आणि शेजारी भानुदास एकेकाचं नाव घेऊन बुड्या मारत होता. सगळं पाणी गढूळ!

*

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. होडीतून समुद्रफूल स्वच्छ दिसत होतं. सर वाकले, तेवढ्यात डुबुककन धोंडा पडला. मासे पसार!

"हे काय केलंस?" सर भानुदासवर कडाडले.

"आत दिवड असली तर? सापावर पाय पडंल की, सर! आमी हिरीत धोंडा टाकल्याबिगर उतरतच न्हाई."

सरांनी मुखवटा पिशवीत ठेवून दिला. मला त्यांचं वाईट वाटलं.

*

शेवटचा दिवस. सरांना पोहता येत नव्हतं आणि तिथं पाणी पुरुषभर. विहिरीत शिकणाऱ्या पोरांना बांधतात तसा पत्र्याचा रिकामा डबा भानुदासने सरांच्या पाठीला बांधला.

"माझा हात सोडायचा न्हाई, सर."

सरांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट आवळलं. चांगलेच भ्याले होते. तरी तोंड पाण्यात घातलं.

बराच वेळ गेला. एकाएकी भानुदास ओरडला, "सरांनी हात सोडला!"

मी दुसरा मुखवटा चढवून बुडी मारली. सर बुडत नव्हते. एक बोटभर नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा त्यांच्या काचेवर धडका देत होता, आणि सरांनी पाण्याखाली त्याला दोन्ही हात जोडले होते.