सरदाराचा रंग

दीदींनी ओला स्पंज घेतला आणि माझ्या चित्रातल्या सरदाराच्या तोंडावर फिरवला. दोनदा. कपाळ गेलं, नाक गेलं. उरला एक मातकट डाग. वर्गातल्या बारा जणी बघत होत्या.

"काहून इतका काळा केला? सरदार आहे तो. तुमच्या पाऱ्यातला, तुमच्या वस्तीतला हमाल नाही."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. त्याचीच लाज मला आजही वाटते.

शंकर नगरातला रविवारचा जलरंगाचा वर्ग. शिकवणाऱ्या दीदी मराठीच. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात रायपूरला आलेलं, हे त्या दर रविवारी एकदा तरी सांगत. आम्ही बौद्ध. वडील भंडाऱ्याकडून आले, रेल्वेत खलाशी होते. मी सरकारी कचेरीत क्लार्क. चाळिशीत पहिल्यांदा स्वतःसाठी काही शिकायला निघाले होते. पहिल्या दिवशी दीदींनी आडनाव विचारलं. ब्रश धुवायला दोघींत पाण्याचा एक डबा असायचा. मला म्हणाल्या, तू तुझा घरून आण. मी आणला. अडला हरी, दुसरं काय.

काम होतं नकलेचं. एक जुनं चित्र, गादीवर सरदार, मागे चवरी ढाळणारा नोकर. पण ते जुनं चित्र आम्ही कुणी पाहिलेलंच नव्हतं. समोर असायची दीदींनी केलेली नक्कल. आम्ही नकलेची नक्कल करायचो. अंगाचा रंग दीदी दोन बशांत आधीच कालवून ठेवत. गुलाबीसर बशी सरदाराची, तपकिरी नोकराची. त्या रविवारी गुलाबी बशी माझ्यापर्यंत येता येता संपली. मग मीच रंग कालवला. कातडीचा रंग बघायला माणूस कुठे शोधणार? माझाच हात समोर होता.

तो रंग पुसला गेला. दीदींनी नवा कागद दिला. पुन्हा कर, नाहीतर वर्गाच्या प्रदर्शनात लागणार नाही म्हणाल्या. लागावं असं फार वाटत होतं. आईला सांगून ठेवलं होतं. ब्रश उचलला, पण हात चालेना. नव्याने भरलेल्या गुलाबी बशीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. मग तोंडातून निघालं, "दीदी, मले मूळ चित्र दाखवा."

हे आजवर कुणी मागितलं नव्हतं. मला खोटं पाडायलाच त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडलं. सरदार सावळा होता. उन्हात घोड्यावर फिरून चांगला रापलेला. चवरीवाल्याच्या आणि त्याच्या कातडीत काही फरक नव्हता.

दीदींनी पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "छपाई खराब आहे. तू गुलाबीच लाव."

"नाही लावत."

"मग प्रदर्शनात नाही."

"हव. नाही तर नाही."

सामान गोळा केलं. शेजारची बाई पुस्तकात डोकावली आणि मुकाट्याने गुलाबी बशी पुढे ओढून घेतली. मी निघाले, कुणी थांबवलं नाही.

तेव्हापासून मला खोडच लागली आहे. साहेब म्हणतात नियम आहे, मी म्हणते आदेश दाखवा. कुणी म्हणतं पूर्वीपासून असंच चालत आलंय, मी म्हणते कुठे लिहिलंय, दाखवा. लोक चिडतात. चिडू देत. चाळीस वर्षं न बघता मान डोलावली, ती बस झाली.

आणि मूळ कागदातच माणसांत भेद लिहिलेला निघाला, तर ते मूळही मी मानणार नाही.